न बांधलेल्या पुलाची गोष्ट

आपल्या खानदेशात नद्यांना तोटा नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उन्हाळ्यात यांतल्या कित्येक नद्या आटतात. वाळूतून बैलगाडी खुशाल पलीकडे जाते. तेव्हा पुलाची आठवण कोणाला होत नाही. पण वर डोंगरात पाऊस झाला, की हीच नदी एका रात्रीत दोन्ही काठ धरून वाहू लागते. मग पलीकडचे गाव दिसते, माणसे दिसतात, हाक मारली तर ऐकूही येते. पण जाता येत नाही.

जेथे पूल आहे तेथे ही अडचण नाही. शिरपूरजवळ सावळदे येथे तापीवर पूल आहे. जळगावहून धुळ्याकडे निघालो की बांभोरीला गिरणेवर पूल लागतो. धुळे शहरात पांझरेवर पूल आहेत. त्यांवरून रोज हजारो माणसे जातात. पूल कसा झाला, कोणी बांधला, पैसा कोठून आला, याचा विचार कोणी करीत नाही. आणि ते साहजिकच आहे.

आज मात्र आम्ही आपल्याला बांधलेल्या पुलाची गोष्ट सांगणार नाही. न बांधलेल्या पुलाची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, जो पूल झालाच नाही त्याची गोष्ट ती काय?" मंडळी, गोष्ट आहे, आणि मोठी आहे. त्या पुलावर कोट्यवधी रुपये खर्च झाले, आणि नदीत एक खांबही उभा राहिला नाही.

पण आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ.

"मंजूर झाला" म्हणजे काय?

गावात बातमी येते, "पूल मंजूर झाला!" लोक एकमेकांना पेढे देतात. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. पूल काही येत नाही. मग लोक म्हणतात, "आपल्याला फसवलं." कधी फसवलेले असते, कधी नसते. पुष्कळदा असे होते, की "मंजूर" या शब्दाचा अर्थच आपल्याला ठाऊक नसतो.

पूल नदीवर येण्याआधी कागदावर येतो. कागदावरही तो एकदम येत नाही, पायरी पायरीने येतो. या पायऱ्या अशा.

पहिली पायरी पाहणीची. पाण्याची धार कोठे आहे, मोठ्या पुरात पाणी कोठवर चढते, खाली खडक किती खोल आहे, हे पाहावे लागते. खडकासाठी जमिनीत छिद्र पाडून तपास करतात. पुराच्या पाण्याची खूण गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारतात. म्हणून पाहणीला माणसे आली की आपण पुढे होऊन सांगावे.

दुसरी पायरी अंदाजपत्रकाची. सिमेंट किती, लोखंड किती, मजुरी किती, एकूण खर्च किती, याचा हिशेब.

तिसरी पायरी मान्यतेची. मान्यता दोन असतात. "हे काम करायचे आणि त्याला इतका खर्च करायचा", ही प्रशासकीय मान्यता. "आराखडा आणि हिशेब बरोबर आहे", ही तांत्रिक मान्यता.

चौथी पायरी जागेची. पूल नदीवर असतो, पण त्याची दोन्ही टोके जमिनीवर टेकतात. तेथे जोडरस्ता लागतो. ती जमीन कोणाची? त्याची संमती आहे का? त्याला मोबदला मिळाला का?

पाचवी पायरी पैशाची. मान्यता मिळाली म्हणजे पैसा आला असे नाही. त्यासाठी वेगळी तरतूद व्हावी लागते.

सहावी पायरी निविदेची. यालाच आपण टेंडर म्हणतो. काम कोण किती पैशांत करील, हे उघडपणे मागवून ठरवायचे.

सातवी पायरी म्हणजे ठेकेदाराच्या हाती काम सुरू करण्याचा हुकूम. त्याला कार्यारंभ आदेश म्हणतात. यानंतर कुदळ पडते.

सगळीकडे क्रम अगदी हाच असतो असे नाही. पण एवढे खरे, की यांतली कोणतीही एक पायरी झाली तरी लोक म्हणतात, "मंजूर झाला." तेव्हा पुढच्या खेपेस कोणी असे म्हणाले, तर शांतपणे विचारावे, "भाऊ, कोणत्या पायरीवर आहे?"

आणखी एक गोष्ट. जिना चढताना मधली पायरी सोडून उडी मारली तर माणूस पडतो. कामाचेही तसेच आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी आपण जरा लांब जाऊ. सातासमुद्रापलीकडे, लंडन शहरात.

लंडनचा बागेचा पूल

लंडन ही इंग्लंडची राजधानी. तिच्या मधून टेम्स नावाची नदी वाहते. धुळ्याच्या मधून पांझरा वाहते, तशीच. फक्त टेम्स मोठी आहे, आणि बारा महिने तिला पाणी असते. या नदीवर लंडनमध्ये पुष्कळ पूल आहेत.

जोआना लम्ली नावाची तिकडची एक प्रसिद्ध नटी आहे. तिचा जन्म १९४६ साली आपल्या काश्मीरात, श्रीनगरला झाला. तिच्या मनात एक कल्पना आली. नदीवर असा पूल बांधावा, की जो नुसता पूल नसेल, बाग असेल. त्यावर झाडे असतील, फुले असतील, आणि लोक त्यातून पायी फिरत जातील. टॉमस हेदरविक या नामांकित कलावंताने त्याचा आराखडा केला. पूल सुमारे ३६६ मीटर, म्हणजे बाराशे फूट लांब होणार होता. त्यावर २७० झाडे लागणार होती.

चित्र फार सुंदर होते. पाहणाऱ्याला मोह पडावा असे. त्या वेळचे लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी कल्पना उचलून धरली. २०१३ साली या कामासाठी एक ट्रस्ट निघाला. आरंभी सांगण्यात आले, की खर्च ६ कोटी पौंड येईल, आणि तो देणगीतून होईल. पौंड म्हणजे तिकडचा रुपया. मग म्हणाले, सरकारनेही थोडा हातभार लावावा. दोन सरकारी तिजोऱ्यांतून तीन-तीन कोटी पौंड देण्याचे ठरले. खर्चाचा अंदाजही वाढत चालला. ६ कोटींचे साडेसतरा कोटी झाले. पुढे २० कोटींच्याही वर जाईल असे दिसू लागले.

आता काठावरचे लोक विचारू लागले. त्यांचे प्रश्न साधे होते. आपल्या ग्रामसभेत कोणीही विचारावेत असे.

एक म्हणाला, "डाव्या अंगाला वॉटर्लूचा पूल आहे, उजव्या अंगाला ब्लॅकफ्रायर्सचा पूल आहे. मध्ये आणखी एक कशाला?"

दुसरा म्हणाला, "हा पूल रात्री बारानंतर बंद राहणार. त्यावरून सायकल चालवायची नाही. वर्षातले काही दिवस खाजगी समारंभासाठीही बंद. मग हा रस्ता की कोणाचा बगीचा?"

तिसरा म्हणाला, "पुलावर झाडे लावण्यासाठी काठावरची वाढलेली झाडे तोडणार. हा कोणता न्याय?"

चौथ्याचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता. तो म्हणाला, "बांधाल हो, पण नंतर सांभाळणार कोण?" कारण बागेला पाणी लागते, माळी लागतो, राखणदार लागतो. दर वर्षी सुमारे ३० लाख पौंड सांभाळण्यालाच लागणार होते.

हे प्रश्न चालूच होते. दक्षिण काठाच्या जागेचा करार पुरा झाला नव्हता. देणग्या पुऱ्या जमल्या नव्हत्या. अशा स्थितीत ट्रस्टने काय केले? २०१६ च्या सुरुवातीला ठेकेदाराशी बांधकामाचा करार करून टाकला!

मंडळी, आपल्या पायऱ्या आठवा. जागेची पायरी राहिली, पैशाची पायरी राहिली, आणि उडी थेट ठेकेदारावर. घरात मुलीचे लग्न ठरण्याआधीच मांडव घालावा आणि आचाऱ्याला विसार द्यावा, तसेच हे झाले.

२०१६ च्या मे महिन्यात सादिक खान हे नवे महापौर झाले. एका बस ड्रायव्हरचा हा मुलगा. त्यांनी या कामाची चौकशी मार्गारेट हॉज या अनुभवी बाईंकडे सोपवली. सरकारी हिशेब तपासण्याची त्यांना सवय होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांनी स्पष्ट लिहिले, की आराखड्याचे काम ज्या रीतीने दिले ती रीत उघड आणि न्यायाची नव्हती. कमीत कमी ७ कोटी पौंडांची तूट आहे. आणखी पैसा बुडवण्यापेक्षा काम येथेच थांबवलेले बरे.

पूल सांभाळण्याच्या खर्चाची हमी महापौरांनी द्यावी अशी अट होती. सादिक खान यांनी ती हमी देण्यास नकार दिला. १४ ऑगस्ट २०१७ रोजी ट्रस्टने जाहीर केले, की पूल होणार नाही.

मग हिशेब निघाला. तो २०१९ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आला. न बांधलेल्या पुलावर एकूण ५ कोटी ३५ लाख पौंड खर्च झाला होता. त्यांतले ४ कोटी ३० लाख पौंड सरकारी, म्हणजे लोकांच्या कराचे होते. त्या वेळी एका पौंडाचे सुमारे ९० रुपये होत. म्हणजे आपल्या हिशेबाने ३८० कोटी रुपयांहून जास्त! दोन कोटींहून अधिक पौंड एकट्या बांधकामाच्या करारापायी गेले. आराखडे, सल्लागार, पगार यांवर गेले ते वेगळेच. देणग्या गोळा करण्यासाठी एक मेजवानी केली, तिलाच ४ लाखांवर पौंड लागले.

आणि हाती काय राहिले? चित्रे राहिली. नदी होती तशीच वाहत राहिली.

यात कोणी पैसा खिशात घातला, असे आम्ही म्हणत नाही. कल्पना काढणाऱ्यांना पूल व्हावा असे मनापासून वाटत होते. पण चांगला हेतू म्हणजे चांगला हिशेब नव्हे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. स्वतःच्या खिशातून हौस केली तर ते खरे. लोकांच्या पैशाने केलेल्या हौसेला मोल असते, आणि ते लोकांनाच भरावे लागते.

कोल्हापूरची उलटी गोष्ट

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, "बरे झाले, पूल अडवला. आपणही प्रत्येक काम अडवावे." तसे नाही. अडवण्यानेही नुकसान होते. याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे.

कोल्हापूर शहराच्या कडेने पंचगंगा नदी वाहते. तिच्यावर शिवाजी पूल आहे. हा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल. रत्नागिरीकडे जाणारी वाहने त्यावरून जात. पूल जुना झाला आणि अरुंद पडू लागला. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा पूल बांधायला घेतला. हा हौसेचा पूल नव्हता. गरजेचा होता.

काम बरेचसे झाले, आणि थांबले. का? जवळच ब्रह्मपुरी नावाची प्राचीन टेकडी आहे. तेथे फार जुन्या वस्तीचे अवशेष सापडलेले आहेत. अशा संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करू नये, असा कायदा आहे. २०१० साली तो अधिक कडक झाला. कायदा काही वाईट नाही. पूर्वजांच्या खुणा जपायलाच पाहिजेत. पण कायद्याचा हा प्रश्न काम अर्ध्यावर आल्यावर पुढे आला. आधीच सुटला असता तर बरे होते. अर्धा पूल नदीत उभा, आणि वाहने जुन्याच पुलावरून, असे दिवस गेले.

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक लहान बस त्या जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत पडली. पुण्याकडची मंडळी देवदर्शन करून परत येत होती. तेरा माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती.

नवा पूल असता तर हा अपघात झालाच नसता, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. अपघात कोठेही होतो. पण कोल्हापूरच्या लोकांना ही गोष्ट जिव्हारी लागली. त्यांनी आवाज उठवला. अडलेले काम पुन्हा चालू झाले आणि २०१९ साली नव्या पुलावरून वाहने जाऊ लागली.

पाहा, दोन शहरे, दोन पूल. लंडनला गरज नसलेला पूल घाईने पुढे ढकलला. कोल्हापूरला गरज असलेला पूल अर्ध्यात अडला. दोन्हीकडे चूक एकाच जातीची. जो प्रश्न आरंभी सोडवायचा तो मागे ठेवला. लंडनला जागेचा आणि पैशाचा, कोल्हापूरला कायद्याचा.

आमच्या शाळेपुढचा नाला

आता आमची स्वतःची एक हकीगत सांगतो. सांगताना आम्हाला थोडी शरम वाटते. पण सांगायला हवी.

आम्ही एका खेड्यात शाळेवर होतो. गावाचे नाव सांगत नाही. गाव आणि पलीकडची वस्ती यांच्यामध्ये एक नाला होता. वस्तीवरची पंधरा-वीस मुले शाळेला येत. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की ती मुले येत नसत. आई-बाप पाठवीत नसत, आणि त्यांचे बरोबरच होते.

एके वर्षी मोजणीची माणसे आली. त्यांनी फीत लावली, दगडांवर चुन्याच्या खुणा केल्या. गावात बातमी झाली, "फरशी मंजूर झाली!" आम्ही वर्गात मुलांना सांगितले, की पुढच्या पावसाळ्यात तुमचे पाय भिजणार नाहीत.

पुढचा पावसाळा आला. फरशी नव्हती. त्याच्या पुढचाही आला. पावसाने चुन्याच्या खुणा धुऊन नेल्या. वस्तीवर पाचवीत शिकणारी एक हुशार मुलगी होती. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. ती भेटली की विचारायची, "गुरुजी, फरशी कधी होईल?" आम्ही म्हणायचो, "होईल, बाळ." दोन पावसाळे तिची शाळा बुडाली. तिसऱ्या वर्षी ती आलीच नाही. घरच्यांनी तिला कापूस वेचायला लावले. पटावर आम्ही तिच्या नावापुढे "सतत गैरहजर" असे लिहिले आणि पुढे नाव कमी केले. लिहिताना हात जड झाला. पण लिहिले.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्या फरशीचा कागद कोठे अडला होता ते कळले. पलीकडच्या काठावर जोडरस्त्यासाठी दोन गुंठे जागा हवी होती. तिच्या मालकाची लेखी संमती फायलीत नव्हती. एवढेच! मालक गावातलेच. सगळे त्यांना नाना म्हणत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. नाना म्हणाले, "गुरुजी, मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी सही दिली असती."

त्यांनी सही दिली. पुढच्या दोन वर्षांत फरशी झाली. आजही आहे.

दोष कोणाचा? कचेरीने नानांना विचारले नाही, हे खरे. पण आम्हीही कचेरीला विचारले नाही. आम्ही शिकलेले. अर्ज कसा करायचा ते आम्हाला येत होते. पण आम्ही वाट पाहत बसलो. दोन गुंठ्यांच्या एका सहीसाठी एका मुलीची शाळा गेली.

आपण काय विचारावे?

म्हणून मंडळी, आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे, लिहिता येऊ लागले आहे, तर त्याचा उपयोग करा. आपल्या गावाजवळ पूल, फरशी, रस्ता, बंधारा काहीही होणार असे ऐकले, तर पाच गोष्टी विचारा.

१. हे काम कोणाच्या गरजेचे आहे? रोज त्याचा उपयोग कोण करणार?

२. जागा कोणाची? त्याची संमती कागदावर आहे का?

३. पैसा कोठून येणार? पुरा आहे का अर्धा?

४. काम कोणत्या पायरीवर आहे? मागची एखादी पायरी राहिली आहे का?

५. झाल्यावर सांभाळणार कोण?

हे कोठे विचारायचे? पहिली जागा ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा होतात. तेथे उभे राहून बोलण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे, बाईला आणि बाप्याला सारखाच. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर कागदावर लिहून घ्यायला सांगावे.

दुसरी वाट अर्जाची. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याप्रमाणे कोणीही नागरिक सरकारी कचेरीत अर्ज करून माहिती मागू शकतो. अर्ज त्या कचेरीतल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही, मात्र दाखला जोडावा लागतो. एका अर्जात एकच विषय लिहावा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. माहिती का हवी, हे सांगण्याचीसुद्धा गरज नाही.

अर्जात रागाचे शब्द नकोत. लांबण नको. "अमुक नाल्यावरच्या फरशीचे काम आज कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या कारणाने थांबले आहे, त्याच्या कागदांच्या नकला द्याव्यात." एवढे पुरे. दहा-बारा ओळींचा कागद. तुम्हाला आता तो लिहिता येईल.

लंडनच्या लोकांनी प्रश्न विचारले. उत्तरे उशिरा मिळाली. तोवर कोट्यवधी गेले, पण आणखी जाणारे वाचले. कोल्हापूरच्या लोकांनी आवाज उठवला, अडलेला पूल पुरा झाला. आणि आमच्या गावात कोणी विचारलेच नाही, म्हणून दोन गुंठ्यांवर सारे अडून राहिले.

मागे एकदा त्या गावाला गेलो होतो. आषाढाचे दिवस होते. नाला भरून वाहत होता आणि वस्तीवरची मुले दप्तरे घेऊन फरशीवरून शाळेला येत होती. त्यांत एक लहान मुलगी होती. कोणीतरी सांगितले, की ही त्या हुशार मुलीची मुलगी. आम्ही तिला नाव विचारले. तिने पाटीवर लिहून दाखवले. अक्षर आईसारखेच होते.